त्याच मापाचे सात

वॉर्सावरून आली होती पोरगी. गळ्यात टेप,
बुटांना आमच्या गल्लीतली कोळशाची राख.
म्हणाली, आजी, कोट हवाय. निळा, लोकरीचा,
सदुसष्ट सालच्या धर्तीचा,
छाती चौतीस, उंची गुडघ्याखाली चार बोटं.
आणि नग सात.

सात?

हो ना. एक स्वच्छ.
एक चिखलाचा.
बाही उसवलेले दोन, शॉट चुकला तर लागतात.
एक पाण्यात टाकायला.
एक डमीच्या अंगावर, ती जरा जाड आहे,
तिथे माया जास्त ठेवा.
आणि एक… वहीत बघून म्हणाली, रंगाचा.
रंगाचा, म्हणाली. मी मान हलवली.

सिनेमा खऱ्या घटनेवर आहे, तिने आवाज खाली आणून सांगितलं,
इथलीच घटना. तुम्ही तेव्हा लहान असाल.
एकवीस वर्षांची होते.
दुकानाच्या पाटीवर नवऱ्याचं आडनाव,
तिला कुठून कळणार?
आणि मी तरी का सांगावं?

पहिला कोट बेतला तो आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर.
सैन्याचं घोंगडं, दोनदा रंगात उकळलेलं;
त्या पातेल्यातलं बीटचं सूप महिनाभर जांभळं दिसायचं
आणि बाबा काही न बोलता प्यायचे.
बोगुशा खाणीवर दिव्यांच्या खिडकीत बसायची.
उतरणाऱ्याला दिवा द्यायचा, चढून आलेल्याकडून परत घ्यायचा.
एखाद्या रात्री एक दिवा कमी भरला
की पोरीला घास उतरायचा नाही.
तिच्यासाठी कोट. काळी बटणं चारच मिळाली.
पाचवं, तळाचं, बाबांच्या जाकिटाचं, तपकिरी.
विएशा, दिसतंय गं!
चालतीला कोण बघतंय, मी म्हणाले.

हेच म्हणाले मी.

मिलिशियाच्या यादीत: कोट, निळा, एक. बटणं, चार.
ती सहावी होती की सातवी, यावर त्यांचं एकमत नव्हतं.
धागादोरा लागत नाही, म्हणाले साहेब,
आणि समोर टेबलावर धागेच धागे, माझ्या हातचे,
चाळीस नंबरचा दोरा, दुहेरी.
लोक सुतावरून स्वर्ग गाठतात.
यांना ट्रामचा शेवटचा थांबासुद्धा गाठता आला नाही.
तिला मात्र गाठलं होतं कुणीतरी, तिथेच.
कोट मी बेतला. बेतलं तिच्यावर.

सिनेमात तो सापडतो.
त्याला बालपण आहे, तोतरी जीभ आहे,
छपरावर कबुतरं आहेत, आणि आईचा एक फोटो.
नट म्हणे तीन महिने कुणाशी बोलला नाही.
बोगुशाला साडेचार मिनिटं. नाव दुसरंच.
पोरगी हे सगळं उत्साहाने सांगत होती,
मी काज करत होते, आणि काज करताना
माझं लक्ष हलत नाही, सगळ्या गावाला माहीत आहे.

सहा कोटांना पाच पाच काळी बटणं लावली.
स्वच्छ होता त्याला चार.
कॉफीच्या डब्यात बाबांच्या जाकिटाची बाकीची पडली होती
इतकी वर्षं. सुईत दोरा ओवायला शेजारच्या
मुलाला बोलवावं लागलं.

आठवड्याने फोन. आजी, एक बटण वेगळं लागलंय.
हो का? डोळे गेले गं माझे. तूच बदल.

थिएटरात मागे कुणीतरी मक्याच्या लाह्या खात होतं.
ट्राम सुटते आहे. ती धावते आहे,
एका हातात डबा, दुसऱ्या हाताने टोपी धरलेली;
बोगुशा टोपी घालत नसे, पण असो.
कोट फडफडतो. एकदा. दोनदा.
तळाशी तपकिरी.

बदलायचं राहून गेलं, की तिने राहू दिलं?
विचारलेलं नाही. विचारणार नाही.
मी तिथेच उठले. रांगेतले गुडघे ओलांडत,
माफ करा, जरा पाय, माफ करा,
पडद्याकडे पाठ करून दारापर्यंत.
ती अजून ट्रामच्या पायरीवर होती.